टाय रॉड वाकला, ते बरंच झालं

गाडी २००४ ची मारुती जिप्सी किंग. मालक माझा शाळेपासूनचा मित्र. मी भोसरीत एका मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे गाडीचं काही मोडलं की तो आधी मला फोन करतो आणि मग गॅरेजला. या प्रकरणात त्याने उलटं केलं आणि त्यातूनच पुढचं रामायण घडलं.

आधी गाडीची कुंडली. जिप्सीला पुढे-मागे सरळ एक्सल, पाट्यांचं सस्पेन्शन, शिडीसारखी चेसिस. वजन टनाच्या आतबाहेर. पॉवर स्टिअरिंग नाही. उजव्या चेसिस-दांड्यावर स्टिअरिंग बॉक्स. त्याच्या पिटमन आर्मपासून (बॉक्सबाहेर हलणारा दांडा) ड्रॅग लिंक ही जोडदांडी आडवी डावीकडच्या नकलपर्यंत (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) जाते आणि डावं-उजवं नकल टाय रॉडने जोडलेलं. हा टाय रॉड एक्सलच्या पुढे असतो. म्हणजे दगडावर गाडी घातली, की एक्सलच्या आधी दगड भेटतो तो टाय रॉडला. अमेरिकेत सामुराई म्हणून विकलेली गाडी याच घराण्यातली. तिचे मालकही पुढून दणकट पत्र्याचा गार्ड लावतात ते याचसाठी.

मित्राने गाडीवर केलेले बदल असे: कंपनीचे २०५/७० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ मड टायर, म्हणजे व्यास साधारण साडेसहा सेंटीमीटरने जास्त, आणि गाडी उचलण्यासाठी लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी). तीन वर्षांपूर्वी एकदा टाय रॉड थोडा वाकला होता. तेव्हा त्याने बाजारातून बदली रॉड आणून टाकला. मी तो नंतर व्हर्नियरने मोजला: बाहेरून २५ मिलिमीटर, भिंत ३ मिलिमीटर, साधी नळी.

मुळशीच्या पलीकडे एका ओळखीच्याच्या खासगी माळावर ओढ्याचं कोरडं पात्र आहे. काळ्या कातळाचे गोल धोंडे, मध्येमध्ये टोकदार. फेब्रुवारीतल्या एका रविवारी डावं चाक एका धोंड्यावर चढलं, घसरलं, आणि गाडी रॉडवर बसली. आवाज मोठा नव्हता. पण गाडी पुढे घेतली तर दोन्ही चाकं एकमेकांकडे नाक करून उभी. रॉड मधोमध चार बोटं वाकला होता. वाकलेला रॉड आखूड होतो. एक्सलच्या पुढे असलेला रॉड आखूड झाला, की चाकांचे पुढचे भाग आत येतात. टेप लावला तर टायरांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्यापेक्षा पाच-सहा सेंटीमीटरने कमी भरलं. रॉडचा जेमतेम सेंटीमीटर गेला होता. नकलचा आर्म आखूड, टायर मोठा, म्हणून फरक एवढा वाढून दिसतो.

तिथे जे केलं ते सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगतो. रॉड काढला, दोन धोंड्यांमध्ये अडकवून जॅकने उलट दाबला, जमेल तेवढा सरळ केला. गाडीत अँगलचा एक तुकडा आणि चार यू-बोल्ट होते, ते बांधले. लॉकनट सैल करून रॉड फिरवला (दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असतात, म्हणून नुसता फिरवला की लांबी बदलते) आणि नजरेनेच चाकं सरळ केली. ताशी तीसच्या वर न जाता पुण्यात आलो.

इथपर्यंत काहीच बिघडलेलं नव्हतं. खरी चूक पुढच्या आठवड्यात झाली.

मी बाहेरगावी होतो. मित्राने गाडी एका गॅरेजला नेली. तिथल्या फिटरने, "साहेब, आता हत्ती बसला तरी वाकणार नाही," असं सांगून त्या जुन्याच रॉडच्या खालच्या बाजूला २५ मिलिमीटरचा अँगल टोकापासून टोकापर्यंत वेल्ड करून दिला. पुन्हा रंग मारला. दिसायला एकदम दणकट. मला फोटो आला, त्याखाली अंगठा.

या उपायात दोन दोष होते. अँगल खाली लावल्यामुळे रॉडची जमिनीपासूनची उंची आणखी इंचभर कमी झाली, म्हणजे आता तो आधी चुकणाऱ्या दगडांनाही लागणार. आणि वेल्ड जिथे संपतं, तिथे नळी अचानक जाड-पातळ होते, शिवाय तिथलंच लोखंड तापून बदललेलं असतं. वाकण्याचा ताण नेमका तिथे गोळा होतो. म्हणजे हा रॉड वाकणार नाही हे खरं, पण मोडायचा झाला तर टोकाजवळ, आट्यांच्या बाजूला मोडणार. वाकलेल्या रॉडने घरी येता येतं. मोडलेल्या रॉडने दोन चाकं दोन दिशांना जातात.

सुदैवाने तो मोडला नाही. दोन महिन्यांत मित्राने तीन वेळा गाडी माळावर घातली आणि मग तक्रारी सुरू झाल्या: स्टिअरिंग सैल वाटतंय, ताशी ५५-६०ला खड्डा लागला की चाकं थरथरतात, ब्रेक मारून वेग तोडल्याशिवाय थांबत नाहीत, डाव्या बाजूला खटखट. फिटरने स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून दिला. सैलपणा थोडा कमी झाला, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येईनासं झालं. स्टिअरिंगचे झटके शोषणारा नवा डॅम्परही टाकला. थरथर ताशी ६५ला गेली, एवढंच.

आता गाडी माझ्याकडे आली. मी ठरवलं, की एकही पाना न लावता आधी पाहायचं.

मित्र सीटवर, गाडी चारही चाकांवर, इंजिन बंद. त्याला सांगितलं, स्टिअरिंग डावी-उजवीकडे नुसतं हलवत राहा, चाक वळेपर्यंत नको. मी खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवलं, अर्धं बोट या भागावर, अर्धं त्या. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला लगेच कळते. डावीकडचा टाय रॉडचा बॉल जॉइंट बोटाखाली टकटक करत होता. ड्रॅग लिंक ठीक. पिटमन आर्म ठीक. आणि मग बॉक्सवर हात ठेवला तर अख्खा बॉक्सच हलत होता! बोल्ट आवळलेले, तरी बॉक्स चेसिससकट तीन-चार मिलिमीटर पुढेमागे. टॉर्च मारली तर पुढच्या बोल्टाच्या भोकापासून निघालेला केसासारखा तडा, चांगला दोन बोटं लांब.

माझं पहिलं मत काय झालं असेल ते सांगायला नको. अँगल लावून रॉड ताठ केला, वाकून झटका गिळणारं काही उरलं नाही, मग तो झटका नकल, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म, बॉक्स असा चढत चेसिसला लागला आणि चेसिस फाटली. मित्राला मी हे मोठ्या ऐटीत समजावलंही. मग तारेचा ब्रश मारला आणि गप्प बसलो. तड्याच्या आत गंज होता. जुना, काळपट, पापुद्रे धरलेला. दोन महिन्यांत इतका गंज बसत नाही, तेही उन्हाळ्यात. तडा अँगलच्या आधीपासूनचा होता.

मग तो पडला कशाने? मित्राला गाडी पार्क करताना पाहिलं की उत्तर मिळतं. जागेवर उभ्या गाडीत, पॉवर स्टिअरिंग नसताना, रुंद मड टायर डांबरावर घासत तो पूर्ण लॉकपर्यंत, म्हणजे टोकाला अडेपर्यंत, स्टिअरिंग फिरवतो. रोज, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, दोनदा. चाक फिरत नसताना टायर जमिनीवर रगडून वळवायला सर्वांत जास्त जोर लागतो, आणि तो सगळा जोर बॉक्सचे बोल्ट चेसिसच्या पातळ पत्र्यावर टाकतात. एका झटक्याने जे मोडत नाही ते हजारदा थोडं थोडं वाकवून मोडतं. तार पुढेमागे करून तोडतो तसंच.

हे फक्त आपल्या जुगाडू गाड्यांचं दुखणं नाही. टोयोटाने २००४ मध्ये जपानात हायलक्स गाड्या परत बोलावल्या आणि २००५ मध्ये अमेरिकेत जवळपास दहा लाख पिकअप आणि एसयूव्ही. दोष स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या रिले रॉडमध्ये होता. उभ्या गाडीत वारंवार पूर्ण लॉक मारण्यासारख्या जोराने त्यात थकव्याचे तडे जाऊन तो तुटू शकत होता. अमेरिकेतलं बोलावणं उशिरा केलं म्हणून २०१० मध्ये कंपनीला १ कोटी ६० लाख डॉलरच्या वर दंड झाला. ज्यांच्याकडे हजारो इंजिनिअर, त्यांच्या रॉडची ही गत. मोठे टायर घातलेल्या जिप्सीच्या वीस वर्षं जुन्या चेसिसकडून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

मग थरथर. पुढचं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं: ढिलाई आहे. मित्राला ब्रेक दाबून धरायला लावलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि नकल एकजीव होतात. तेव्हा ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा, म्हणजे नकल ज्यावर वळतं त्या खिळीचा. राहिली. उघडून पाहिलं तर खालच्या किंगपिन बेअरिंगच्या वाटीत रोलरांचे ठसे उमटलेले आणि सील फाटून आत चिखल. त्यात लांब शॅकलमुळे एक्सल थोडा पुढे कललेला, म्हणजे कॅस्टर (किंगपिनच्या रेषेचा मागचा कल) कमी. कॅस्टर कमी झाला की चाक स्वतःहून सरळ राहण्याची ओढ कमी होते. सैल किंगपिन, कमी कॅस्टर, जड टायर. थरथरायला आणखी काय हवं? डॅम्पर ही थरथर थांबवत नाही, तो फक्त तिच्यावर पांघरूण घालतो. बॉक्सवरच्या स्क्रूचंही तेच. तो बॉक्सच्या आतल्या दात्यांची ढिलाई काढण्यासाठी आहे, बाकीच्या पाच सांध्यांची ढिलाई तिथे वसूल करायला गेलं तर दाते घासतात आणि स्टिअरिंग मध्ये अडकतं.

म्हणजे या गाडीत 'कमकुवत' ठरवलेला टाय रॉड हा साखळीतला सर्वांत प्रामाणिक भाग होता. तो वाकला आणि दिसला. बाकीचे गुपचूप मरत होते.

कामाचा क्रम आम्ही यावरून ठरवला: चेसिस आधी, रॉड शेवटी.

चेसिसचं काम मी स्वतः केलं नाही. ज्याचा हात वेल्डिंगवर बसला आहे अशा, ट्रकच्या चेसिसची कामं करणाऱ्या चाचांकडे गेलो. बॅटरीच्या वायरी सोडल्या, इंजिनच्या कॉम्प्युटरचं कनेक्शन काढलं. बॉक्स उतरवला. तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. तडा शेवटपर्यंत शोधायला चाचांनी पांढरा खडू आणि रॉकेल वापरलं: रॉकेल पुसून खडू फासला, की तड्यात मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ होऊन उमटतं. माझ्या अंदाजापेक्षा तो बोटभर जास्त लांब निघाला. मग ग्राइंडरने खोबण, वेल्ड, घासून सपाट, आणि वरून पट्टी. पट्टी चौकोनी नाही तर दोन्ही टोकांना निमुळती. दांड्याला आडवं सरळ वेल्ड मारलं तर पुढचा तडा त्याच रेघेवर पडतो, हे चाचा मला सांगत होते आणि मी मान डोलावत होतो. पुस्तकातही हेच असतं, फक्त इतक्या थोडक्यात नसतं.

सर्वांत महत्त्वाचं काम त्यानंतरचं, आणि सर्वांत स्वस्तही. चेसिसचा दांडा आतून पोकळ. बॉक्सचे बोल्ट आवळले की पत्रा आत दबतो, काही दिवसांनी बोल्ट सैल, पुन्हा आवळा, आणखी दबतो. आम्ही प्रत्येक बोल्टासाठी दांड्याच्या आरपार जाड भिंतीची नळी बसवून दोन्ही बाजूंनी वेल्ड केली. आता बोल्ट नळीला आवळतो, पत्र्याला नाही. बोल्ट १०.९ मार्कचे (जास्त ताकदीचे) नवे, आणि शेवटी पांढऱ्या रंगाने प्रत्येक नटावरून बॉक्सवर एक रेघ ओढली. रेघ तुटली की नट फिरला.

किंगपिनची बेअरिंगं आणि सीलं दोन्ही बाजूंची बदलली. शिम (पातळ चकत्या) घालून-काढून, स्प्रिंगकाटा लावून नकल हलायला लागणारा जोर मॅन्युअलच्या हद्दीत आणला. हे चिवट काम आहे, एका बाजूला दुपार गेली. शॅकलमुळे गेलेला कॅस्टर परत मिळवायला पाटे आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर घातली. ॲल्युमिनियमच्या पाचरीही मिळतात. त्या दबून फुटतात, म्हणून नको म्हटलं. डावीकडच्या नकल आर्मचं निमुळतं भोक बॉल जॉइंट सैल राहून अंडाकृती झालं होतं, त्यामुळे नुसता जॉइंट बदलून भागणार नव्हतं, आर्मच बदलावा लागला. मित्र म्हणाला, "भोकात वेल्ड भरून पुन्हा रीम करू या ना?" हे आर्म फोर्ज केलेले, उष्णतेने कडक केलेले असतात. त्यांना वेल्ड लावायचं नाही, तापवून वाकवायचंही नाही. यावर वाद घालायची माझी तयारी नव्हती. तशीच एक लहान गोष्ट: बॉल जॉइंटचा नट आवळून झाल्यावर तो अडवून धरणाऱ्या स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट पुढेच न्यायचा. पिन बसावी म्हणून मागे सैल केलेला नट हाच त्या अंडाकृती भोकाचा जनक असतो.

मग रॉड. मित्राला आता मिश्रधातूचा, कडक केलेला, न वाकणारा रॉड हवा होता. मी कागदावर हिशेब मांडला. दोन टोकांवर टेकलेला मीटरभर रॉड, मध्ये दगड. जुन्या २५ बाय ३च्या साध्या नळीला कायमचा बाक यायला मधोमध साधारण १०० किलोचा भार पुरतो. पुढच्या एक्सलवर जिप्सीचं निम्मं वजन, म्हणजे ५०० किलोच्या आसपास असतं. ती वाकली यात नवल नाही. इतकी वर्षं टिकली हेच नवल. तेच साधं लोखंड, पण बाहेरून ३० आणि आतलं भोक १४ मिलिमीटर अशी जाड नळी घेतली, तर भार २५० किलोवर जातो. अडीचपट. लांबीतून दाबली जाताना बाक न येण्याची ताकद तिप्पट होते. वजन मीटरला १.६ किलोचं ४.३ किलो होतं, त्याचं काही वाटत नाही.

भोक लहान ठेवण्यामागे हेतू होता. मोठी, पातळ भिंतीची नळी वजनाच्या मानाने जास्त ताठ असते, पण तिच्या टोकांना आट्यांसाठी वेगळे तुकडे वेल्ड करावे लागतात. जाड भिंतीत आटे थेट लेथवर पाडता आले, एका टोकाला डावे, एका टोकाला उजवे. रॉडवर वेल्डचा एक थेंबही नाही. आटे आत किती गेले पाहिजेत? व्यासाच्या दीडपट तरी. आम्ही दुपटीच्या जवळ ठेवले.

आणि कडक मिश्रधातू? त्याचा २५० किलोचा आकडा ६०० झाला असता. पण मग दगडावर बसलेली गाडी आपला जोर कुठे काढणार? बॉल जॉइंटच्या मानेवर, नकल आर्मच्या बोल्टांवर. त्या गोष्टी वाकत नाहीत, तुटतात, आणि तुटण्याआधी सांगत नाहीत. मला वाकणारा भाग हवा होता, फक्त आधीसारखा किरकोळ कारणाने वाकणारा नको होता. घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे खिळा लावत नाहीत. योग्य अँपिअरची तार लावतात. मित्राला हे पटलं असं नाही, पण लेथ माझ्या ताब्यात होतं.

ड्रॅग लिंक तशीच ठेवली. लिफ्टमुळे ती तिरकी झाली आहे, खड्ड्यात स्टिअरिंग किंचित ओढलं जातं. आणखी उचलली असती तर वाकडी, म्हणजे झेड आकाराची लिंक लावावी लागली असती. दोन इंचांवर थांब, हा माझा सल्ला. रॉडच्या पुढे पत्र्याचा गार्ड मात्र लावला, तोही एक्सलला बोल्टाने, गरज पडली तर काढता येईल असा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. चेसिसची दुरुस्ती ही दुरुस्ती. टायर, शॅकल आणि घरी बनवलेला रॉड मात्र त्या कलमापुढे उभे करण्यासारखे नाहीत. रस्त्यावरून चालवायची तर मूळ भागच ठेव असं मी मित्राला सांगितलं आहे. तो माळावर पोहोचल्यावर रॉड बदलेल इतका शिस्तीचा नाही, हेही मला ठाऊक आहे.

शेवटी चाकांचं बॅलन्सिंग, टो-इन (चाकांचे पुढचे भाग मागच्यापेक्षा जवळ ठेवणं) ३ मिलिमीटर, बॉक्सचा स्क्रू सैल करून पुन्हा नीट जुळवला. डॅम्पर काढून ताशी ७० पर्यंत चालवून पाहिली. थरथर नाही. मग डॅम्पर परत लावला.

एक काम पान्याने होणारं नव्हतं: पार्किंगमध्ये गाडी इंचभर तरी सरकत असल्याशिवाय स्टिअरिंग फिरवायचं नाही. ते त्याच्या बायकोवर सोपवलं आहे, ती रोज शेजारी बसते. आणि माळावर अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर ठेवायचे. पॉवर नसलेलं स्टिअरिंग दगडाने उलटं फिरलं की आरे अंगठा मोडतात.

याला आता वर्ष झालं. परवा गाडीखाली झोपून पाहिलं. बॉक्सच्या बोल्टांवरच्या पांढऱ्या रेघा अखंड आहेत, पट्टीच्या कडेचा रंग कुठे फाटलेला नाही. रॉडवर सरळपट्टी लावली तर मध्ये सहा मिलिमीटरचा बाक आहे. टो-इनमध्ये फरक नाही. मित्र लगेच म्हणाला, "बघ, तेव्हाच कडक टाकला असता तर!" मी त्याच मापाची आणखी एक नळी कापून आटे पाडून ठेवली आहे. ती गाडीत मागच्या सीटखाली असते, दोन पाने आणि स्प्लिट पिनांच्या डबीसोबत.